छत्रीचे दुसरे टोक

आमच्या विज्ञानाच्या सरांइतका लाजरा माणूस मालवणच्या अख्ख्या किनाऱ्यावर झाला नसेल, आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना ‘किशोरवयातील संयम’ शिकवायला नेमले गेले तेही नेमके तेच. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्याच्यामागून नवे सरकारी कार्यक्रमही आले होते. सर मुलींच्या हातात वही कधी देत नसत. टेबलावर ठेवून दोन पावले मागे सरत. खाडीच्या होडीतून कुणा बाईला उतरवायचे झालेच, तर छत्रीची मूठ तिच्यापुढे करत आणि दुसरे टोक धरून आभाळाकडे बघत. सरकारने पाठवलेला शरीराचा कापडी तक्ता त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगला होता. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी बिस्किटांचा डबा होता, पण उत्तर ठरलेले. गणिताचा पेपर अवघड येईल का, असे एकाने विचारले, तेव्हाही सर म्हणाले, “संयम ठेवा.”

संयम सुटला की अनर्थ होतो, एवढेच ते सांगत. कसा होतो, ते कधीच नाही. दहावीच्या परीक्षेला दोन महिने होते. होडीतून उतरताना माझा पाय घसरला आणि वर्गातल्या एका मुलाने हात धरून मला वर ओढले. मला दिवस गेले, अशी माझी खात्रीच झाली. जेवण जाईना. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तरी शाळा सोडते म्हणाले. आईने कपाळाला हात लावून पाहिला. “ताप तर नाय गो तुका.” शेवटी मी डब्यात निनावी चिठ्ठी टाकली: हात धरल्याने मूल होते का?

सरांनी ती मनात वाचली. कान लाल झाले. मग वर्गात प्रथमच ते घरच्या भाषेत बोलले.

“हात धरल्यान काय एक होवचा नाय. होडयेतून उतरताना धरूकच व्हयो, नायतर पाण्यात पडशात.”

त्यांनी तक्ता सुलटा केला आणि खिडकीकडे बघत, घामाने निथळत, तासभर सगळे नीट समजावले. त्या संध्याकाळी मी तीनदा भात घेतला. चिठ्ठी कुणाची, हे त्यांनी कधी विचारले नाही. अक्षर ओळखले असणारच. माझ्या वह्या तेच तपासत.

बी.ए. झाल्यावर मी पेढे घेऊन सरांकडे निघाले, तर ते धक्क्यावरच होडीतून उतरताना दिसले. गुडघे थकले होते. सवयीने त्यांनी छत्रीची मूठ माझ्यापुढे केली. मी हात पुढे केला.

“सर, पाण्यात पडशात.”

त्यांनी दोन्हीकडे पाहिले, छत्री काखेत मारली आणि माझा हात धरला. धक्क्यावर आल्यावरही तो त्यांनी लगेच सोडला नाही.