काजबाई आणि मुकादम

कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना काज पाडायची, म्हणून सगळे तिला काजबाई म्हणत. बोलणं इतकं कमी की शेजारच्या मशीनवरच्या बायका चेष्टा करायच्या, "हिच्या तोंडालाच एक काज पाडा गं, निदान चार शब्द तरी बाहेर पडतील." काजबाई हसायची आणि पुढचा शर्ट ओढून घ्यायची.

तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर इस्त्रीला होती. एका दुपारी तळमजल्यावरच्या कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. खालच्या बायका पुढच्या दारातून पळाल्या. वरच्यांसाठी मागचा जिना होता, पण त्याच्या दाराला बाहेरून कुलूप. कापड चोरीला जातं म्हणून मालकाचाच तसा हुकूम होता. आत अडकून मेलेल्या पोरींमध्ये धाकटी त्या दाराला टेकूनच सापडली. ओळखली ती पायातल्या चपलेवरून. सकाळच्या घाईत ती काजबाईची चप्पल घालून आली होती.

मालक हात झटकून मोकळा झाला आणि गजाआड गेला तो कुलूप लावणारा मुकादम. शिक्षा भोगून तो परतला तेव्हा बायको वारली होती, मुलगा गाव सोडून गेला होता. वर्षभरात अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू लुळी पडली. काजबाईच्याच गल्लीच्या टोकाला, नळाशेजारच्या खोलीत तो पडून असायचा. खाणावळवाला खिडकीतून पाव आणि दूध ठेवायचा, पण आतला वास सोसेना तेव्हा त्यानंही नाद सोडला.

नळावर बायका घागरी भरत असताना आतून कण्हणं ऐकू यायचं.

"कण्हू दे," एक जण म्हणाली. "आतल्या पोरी ओरडत होत्या, तेव्हा याच्या कानात बोळे होते का?"

काजबाई घागर उचलून घरी आली. ती दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायची, पण सगळे मिळून प्रार्थना म्हणताना ‘अपराध्यांना आम्ही क्षमा करतो’ या ओळीपाशी तिचे ओठ मिटायचे. देवासमोर खोटं कसं बोलायचं? तिची आई म्हणायची, प्रार्थना तोंडानं थोडी करावी, हातानं जास्त. त्या संध्याकाळी तिनं जेवण अर्धवट सोडलं. उठून तिनं पाणी तापवलं, बादली उचलली आणि मुकादमाचं दार ढकललं.

त्यानं तिला ओळखलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मार बसणार अशीच त्याची समजूत झाली असावी. तिनं नाकाला पदर बांधला. चादर पाठीच्या जखमेला चिकटली होती. कोमट पाणी सोडत सोडत ती सुटी करावी लागली. त्याला कुशीवर वळवताना तिच्या मनात सारखं येत होतं, या हातानं कुलूप लावलं, या हातानं. तरी तिनं तो हात बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसला. घरी येऊन मात्र भडाभडा ओकली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली, कामावर जायच्या आधी आणि सुटल्यावर. दूध-पाव भरवायचा, नखं कापायची, दाढी करायची, दवाखान्यातून आणलेलं मलम लावायचं. धाकटीची मुलगी काजबाईजवळच राहायची, कारण बाप ट्रकवर, महिनोन्‌महिने फिरतीवर. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती ताट पुढ्यातून सरकवून उभी राहिली.

"मावशी, त्याला भरवलेल्या हातानं मला वाढू नकोस."

"हात धुतलेत मी."

"ते धुवून जाणार आहे का? आईला जाळलं त्यानं! तू त्याला माफ केलंस?"

"नाही गं," काजबाई म्हणाली. "माफ नाही केलेलं. चादर बदलली फक्त."

पोरीला हे काही पटलं नाही. तिनं कपडे बांधले आणि आत्याकडे निघून गेली. कारखान्यातल्या बायकांनी डब्याच्या सुट्टीत काजबाईजवळ बसायचं सोडलं. चर्चच्या पाळकांना तेवढं कौतुक वाटलं. रविवारी सगळ्यांपुढे तिचं उदाहरण देतो म्हणाले.

"नका देऊ," ती म्हणाली. "मला रोज त्याचा राग येतो. लोकांना खोटं कशाला सांगायचं?"

मुकादमाची जीभ जड झाली होती, पण हळूहळू एखाददुसरा शब्द फुटायला लागला. सारखं एकच म्हणायचा, "किल्ली." तिला वाटलं, दाराची किल्ली हवी असेल. तिनं उशाखाली शोधली, फळीवर शोधली. तो मान हलवायचा. एका सकाळी ती दाढी करत असताना त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"किल्ली... खिशात होती," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "माझ्या. मी खाली... जिन्यापाशी. दार वाजत होतं. धूर होता. मी... पळालो."

काजबाईचा वस्तरा तसाच गालावर थांबला. कोर्टात त्यानं सांगितलं होतं की किल्ली मालकाच्या कपाटात होती. म्हणजे दार वाजलेलं यानं ऐकलं होतं. धाकटीच्या मुठीही त्यात असतील.  तिनं वस्तरा पुसून ठेवला, अर्ध्या दाढीचा फेस तसाच सोडला आणि निघून गेली.

नंतर दोन दिवस ती तिकडे फिरकली नाही. नळावर जायची ती खिडकीकडे पाठ करून उभी राहायची. घरी प्रार्थनेला बसली तरी शब्द सुचेनात. "प्रभू, तूच जा त्याच्याकडे," एवढंच म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिला स्वतःचाच राग आला. प्रभू तरी कुणाच्या पायांनी जाणार होता?

ती गेली. खोलीत माशा घोंगावत होत्या. खिडकीत कुणीतरी दुधाचं भांडं ठेवलं होतं. त्याचा हात तिथवर पोचला नव्हता, पण कुणीतरी ठेवलं होतं खरं. मुकादमाच्या अर्ध्या गालावर फेस वाळून खपल्या धरल्या होत्या. तिला पाहून तो रडायला लागला, तोंड वाकडं करून, आवाज न करता.

"रडू नका," काजबाई म्हणाली. "पाणी गार होतंय."

तिनं त्याला पुसलं, उरलेली दाढी केली. वस्तरा गळ्यावरून फिरत होता तेव्हा दोघांनाही एकच गोष्ट सुचली असणार.  निघताना ती दारात थांबली.

"त्या पोरींच्या घरच्यांना हे कळायला हवं. तुम्हाला नीट बोलता येत नाही. मी सांगू?"

त्यानं मान हलवली. हो.

ती घरोघर गेली आणि सांगून आली. कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्या बापानं मात्र तिला बसवलं आणि म्हणाला, "दार वाजवत होत्या म्हणजे शुद्धीत होत्या त्या. मला वाटायचं, धुरानं आधीच गुंगी आली असेल. बाई, हे ऐकून माझं काय बरं झालं?"  काजबाई त्याच्याजवळ बसून राहिली. मग उठून तिनं त्याची खरकटी भांडी घासली.

मुकादम हिवाळ्यात गेला. शेवटचं त्याचं अंग तिनंच पुसलं. दफनाला गाडी मिळेना, शवपेटी खांद्यावरूनच न्यायची होती. पाळक आले, खाणावळवाला आला आणि तो म्हातारा बापही आला. का आला ते त्यालाही सांगता आलं नसतं. चौथा माणूस मिळेना. पलीकडच्या फुटपाथवर धाकटीचा नवरा उभा होता. ट्रक लावून सरळ इकडेच आला होता. काजबाईला वाटलं, हा आता थुंकणार.

त्यानं सिगारेट पायाखाली चिरडली आणि रस्ता ओलांडला.

"ताई, त्याच्यासाठी नाही हं," तो म्हणाला. "माणूस कमी पडतोय म्हणून." आणि खांदा दिला.

धाकटीची पोर आली नाही. तिचा निरोपही आला नाही. परत येताना पाळकांनी काजबाईला विचारलं, मनाला शांती मिळाली का.

"नाही," ती म्हणाली.

मग तिनं मुकादमाच्या खोलीची गादी ओढत बाहेर काढली, फरशी घासली आणि वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना तिनं त्या म्हाताऱ्या बापाकडे डबा पोचवला. त्यानं दार उघडलं नाही. तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि भोंगा व्हायच्या आत कारखाना गाठला.