राईस मिलमधली बाळंतीण

राईस मिलमध्ये कोंडा आणि किस्से रोज जमतात. कोंडा विकला जातो, किस्से आमच्याकडेच राहतात. माझ्याकडचे हे सगळे एका काचेच्या टाकीभोवतीचे.

आमच्या सेठची सून पोर्ट ब्लेअरला वाढलेली. गोंदियात तिला करमेना. म्हणून नवऱ्याने ऑफिसात खाऱ्या पाण्याची टाकी मांडून दिली. त्यात क्लाउनफिशची जोडी. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे.

या टाकीचं मीठ वेगळं असतं, पाकिटातून येतं. ते संपलं. सेठने स्वयंपाकाचं ओतलं. "नमक तो नमक है!"

संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे मेले. सूनबाई दोन दिवस जेवली नाही.

*

दुसरी जोडी आली. सेठ मला म्हणाले, "काका, ये मरी तो काच बाहर! बहू को रोते नहीं देख सकता."

माझा जन्म उकड्या तांदळाच्या हौदांवर गेला. पाणी किती गरम ते हाताला कळतं. बोटं बुडवली आणि म्हटलं, "सव्वीस."

सूनबाईने थर्मामीटर लावला. सव्वीस!

तेव्हापासून ती मलाच विचारते.

*

सूनबाई सांगायची, समुद्रात हे मासे फुलासारख्या दिसणाऱ्या एका जिवंत प्राण्यात राहतात. तो दुसऱ्या माशांना डसतो, यांना नाही. म्हणून हे त्याला सोडून लांब जात नाहीत.

तांदूळ निवडणारी शेवंता म्हणाली, "मंग येवढा मोठा समुद्र कायले पायजे याईले?"

आमच्याकडे तसा प्राणी नव्हता. मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून छोटं मडकं आणून ठेवलं. दोघांनी त्यात संसार मांडला.

*

सूनबाई लग्नासाठी रायपूरला गेली आणि इकडे मडक्यावर केशरी अंडी दिसली. एक मासा तिथून हलेना. पंखांनी सारखा वारा घालायचा.

बायकांनी ठरवलं, ही बाळंतीण. टाकीला लुगडं गुंडाळलं, काळा दोरा बांधला. पुरुषांना ऑफिस बंद! पाण्यासाठी फक्त मला परवानगी.

सेठ तीन दिवस बाहेर पोत्यांवर बसले. "अरे, मेरा ऑफिस है!"

शेवंता म्हणाली, "हाव जी, पन बाळंतीण आमची आहे!"

*

चौथ्या दिवशी सकाळीच लाईट गेली. जनरेटर बिघडलेला. टाकीतली हवा बंद. एक मासा वर येऊन तोंड उघडू लागला. दुसरा अंडी सोडेना.

मी लोट्याने पाणी उचलायचो, उंचावरून सोडायचो. जेवायला उठलो नाही.

"द्या जी, मले द्या," शेवंता म्हणाली. "हात काऊन तोडून राहिले?"

लोटा दिला नाही.

चार वाजता लाईट आली. दोघेही जिवंत.

*

दुसऱ्या दिवशी सूनबाई परतली. बायकांनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणले होते. लुगडं, दोरा, लाडू पाहून सूनबाई हसत सुटली. "अहो, अंडी सांभाळतो तो बाप असतो!"

"आन माय?"

"ती काय, तिकडे खातेय!"

शेवंता हातात लाडू घेऊन उभी. ती माझ्याच गावची. माझी मुलगी विमल बारा दिवसांची असताना तिची आई वारली. घरात दुसरी बाई नव्हती, तिचं सगळं मीच केलं. शेवंताने ते सगळं पाहिलेलं.

तिने लाडू माझ्या हातावर ठेवला.

"घ्या जी, मामाजी. तुमचा राहून गेला व्हता."

तोंडात दात नाहीत. तरी संपवला.