थांबाई पसंत आहे

रोहिणी गावातल्या निम्म्या लोकांना पायाच्या वासावरून ओळखते. तुम्ही हसाल, पण मला याचा राग येतो. तिला बाराव्या वर्षापासून मिरगी आहे. फिट आली की ती पडते, दीड-दोन मिनिटं अंगाला झटके येतात, मग आपोआप थांबतात. पण तेवढ्या वेळात जवळचा प्रत्येक शहाणा माणूस पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावतो. शुद्धीवर येता येता, डोळे उघडायच्या आधीच रोहिणी म्हणते, "छगनभाऊ, आते तरी नवी घ्या."

छगन शेजारचा. केळीचा टेम्पो चालवतो. त्याला या बोलण्याचं काही वाटत नाही, उलट तो पारावर सांगतो की पोरगी माझ्याच चपलेनं जागी होते. अरे बाबा, झटके संपले म्हणून ती जागी झाली! तुझ्या चपलेत एवढं औषध असतं तर तू टेम्पो कशाला हाकला असतास?

मी शहाद्याची. मिरगीबद्दल सांगत गावोगाव फिरते. डॉक्टर नाही, जे शिकले ते पत्रकं वाचून आणि दवाखान्याच्या बाकांवर भांडून. सांगायचं असतं ते पाच ओळींचं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ ठेवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. दहा वर्षं सांगतेय. लोक माना डोलावतात आणि हळूच पायाकडे बघतात.

रोहिणी माझ्या सभेत पहिल्या रांगेत बसायची. सत्तावीस वर्षांची, एम.ए. झालेली, गोळ्या वेळेवर घेणारी आणि जिभेला हाड नसलेली. तिला पाहायला आठ स्थळं येऊन गेली. आई भिकुबाई दर वेळी डोळ्यांनी दटावायची, गप्प ऱ्हाय. आणि रोहिणी दर वेळी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता सांगायची, "मला मिरगी आहे. पोह्यांत लिंबू पिळू का?" पाहुणे कळवतो म्हणून जायचे. कळवलं कोणीच नाही. पोहे मात्र आठही वेळा संपले.

मग यंदा तिला लोणखेड्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयात मदतनीस म्हणून घेतलं. गावातून शहाद्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. सगळा मिळून तासाभराचा रस्ता. घरात वाद पेटला तो या तासाभरावरून. थोरला भाऊ हेमकांत केळीची शेती बघतो. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. आणि घाबरट माणूस घरातला मोठा झाला की सगळ्या घराला कडी लागते.

"एकटी जावानं नही," तो म्हणाला.

"मंग कोन येई मन्हा संगे? तू?"

"माले बाग शे."

"माय?"

"मायना गुडघा दुखतस. तुन्हा संगे रोज ऱ्हाई असा प्राणी अजून जन्मले येयेल नही!"

"मंग जो जन्मले येयेल नही," रोहिणी म्हणाली, "तोच मी आनसू."

मला तिचा फोन आला. "ताई, रविवारी पाहण्याचा कार्यक्रम आहे. या वेळी पाहणारी मी. तुम्ही मध्यस्थ म्हणून या. स्थळं घेऊन या, कसलीही चालतील, फक्त खरी नकोत."

मी गेले. न जाऊन कसं चालेल? आठ वेळा जिला उभं करून, चालवून, बोलायला लावून पाहिलं, ती आज पायावर पाय टाकून खुर्चीत बसली होती. मांडीवर वही, हातात पेन. पोहे भिकुबाईंनी केले होते. हेमकांत खाटेवर बसून मोबाईल बघत असल्याचं सोंग करत होता.

छगननं पहिलं स्थळ आणलं. तो दरवर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातो, घेत काही नाही, पण दात सगळ्या घोड्यांचे बघून येतो. "उडता घोडा," तो म्हणाला. "पांढराशुभ्र. पंख धा-धा फुटना. एसटीनी गरजच नही."

रोहिणीनं वहीत लिहिलं. "आणि वर असताना फिट आली तर?"

छगननं पोह्याचा घास हातात धरून विचार केला. "मंग... खाले यी."

"मीच आधी येईन छगनभाऊ. पुढचं."

भिकुबाईंनी नाक्यावरच्या पिंपळावरचा मुंजा सुचवला. "वळखना शे. तुन्हा आजाले बी दखेल शे त्यानी. घरनाच समज."

"माय वं, मला फिट आली की लोक म्हणतात हिला भूत लागलं. आता भूतच शेजारच्या सीटवर बसवून नेऊ? सगळे म्हणतील, दखा, आम्ही सांगत नव्हतो!"

मुंजा बाद. सात फण्यांचा नाग मी सुचवला होता. चेहरा गंभीर ठेवून तिनं विचारलं, "सात तोंडं म्हणजे सात सल्ले ना ताई? तेवढे या घरात आहेत."

मग खाटेवरून आवाज आला. "ड्रॅगन." हेमकांतनं मान वर केली नव्हती. "जवळ कोणी उना की आग सोडस. पोऱ्यासोऱ्यांची हिंमत नही होवाव."

"एसटीत? डिझेलच्या टाकीवर बसून?"

"मंग तूच सांग तुले कसा पाहिजे!" तो भडकला. आठ स्थळांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. मी हे तोंडावर बोलणारच होते, पण रोहिणीनं वही उलटली. तिनं चित्र काढूनच ठेवलं होतं.

म्हशीच्या पारडाएवढा प्राणी. पाय सहा, सगळ्यांना खूर, म्हणजे चपलेचा प्रश्नच नाही. हात नाहीत, म्हणजे दुसऱ्याचीही चप्पल उचलता येणार नाही. पोट पिंजलेल्या कापसासारखं, डोक्याखाली घ्यायला. शेपटी दर मिनिटाला एकदा जमिनीवर आपटते. पाच वेळा आपटली की तो हंबरतो, तेव्हा गाडी दवाखान्याकडे वळवायची. आणि बसतो कुठे? शेजारी. काही न करता.

"हाऊ करस काय मंग?" छगननं विचारलं.

"थांबतो."

"नुसता?"

"नुसता. तुम्ही थांबून बघा एकदा, किती जड जातं."

भिकुबाईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं. "नर का मादी?"

"काय फरक पडतो?"

"वाह! तरनी पोर, रोजना रस्ता, आनि नर?" म्हणून ती मादी झाली. आमच्याकडे कानबाई देवी, तशी ही थांबाई, हे नावही भिकुबाईंनीच ठेवलं. मग त्यांच्यातली विहीण जागी झाली आणि खाण्यावर आली. "खास काय? आपला घरमा अंडं बी चालत नही."

"गर्दी खाते," रोहिणी म्हणाली. "दहा माणसं जमली की आठ खाते."

"गर्दीले कांदा-लसून ऱ्हास का?"

हेमकांत हसला. हसला म्हणूनच फसला. जा म्हणाला, पण अट घातली: "एक महिना. वाटमा एक जरी फिट उनी, तर नोकरी बंद. मंग थांबाई नही न कोनी नही." रोहिणीनं मान हलवली. मला ती अट अजिबात पटली नव्हती, पण मध्यस्थाला मत नसतं.

सोमवारी रोहिणी एसटीत चढली आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. कंडक्टर भूमिकाताई म्हणाल्या, "पिशवी उचल, लोकं उभी आहेत."

"तिथं थांबाई बसलीय."

भूमिकाताईंनी सीटकडे पाहिलं, रोहिणीकडे पाहिलं. "बाई आहे ना? मग अर्धं तिकीट."

बस हसली. मग कोणीतरी विचारलं, ही थांबाई करते काय? रोहिणीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं. आठवड्यात अख्ख्या बसला पाठ झालं. मंडईत जाणाऱ्या बायका चढल्या की आधी चौकशी, "थांबाई, पाय आवर वं, टोपली ठेवानी शे." दोन कॉलेजकुमारांत शेपटी किती लांब यावरून भांडण झालं. जे मी दहा वर्षं माईकवर ओरडून सांगितलं, ते या बसनं एका न दिसणाऱ्या म्हशीकडून शिकून घेतलं. मला आनंद झाला. थोडा अपमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

एकोणिसाव्या दिवशी फिट आली. शहादा पाच किलोमीटरवर असताना.

पुढचं मला भूमिकाताईंनी सांगितलं. रोहिणी सीटवरून खाली सरकली. मागून एक नवखा माणूस चप्पल काढत उठला, तर टोपलीवाली बाई कडाडली, "बठ खाले! थांबाई काम करी ऱ्हायनी!" बस बाजूला घेतली. एकीनं लुगड्याच्या घडीचं गाठोडं डोक्याखाली सरकवलं, दोघींनी कुशीवर वळवलं. उरलेले आपापल्या जागी बसून राहिले, कारण थांबाईनं गर्दी खाल्ली होती. एका म्हाताऱ्यानं घड्याळ बघून काठी आपटली. "एक." सगळी बस मोजायला लागली. "दोन." तिसरी आपटायच्या आत झटके थांबले.

रोहिणीनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाली, "वास कसा नाही येत?"

थोडा वेळ पडून राहिली, पाणी प्यायली, अर्धा तास उशिरा कॉलेजात पोहोचली. पण बातमी तिच्या आधी घरी. छगन मागून टेम्पो घेऊन येत होता ना, बस थांबलेली त्यानं पाहिली होती.

संध्याकाळी मी गेले, भांडायच्या तयारीनंच. हेमकांत खाटेवर बसला होता, तोंड उतरलेलं. "अट म्हंजे अट," तो म्हणाला. "मी दिवसभर बागमा गऊ नही ताई. तिले काही व्हयनं अस्तं तर?"

माझ्याकडे त्याला झोडायला चार वाक्यं तयार होती. पण भिकुबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हात पिठाचे.

"कोनी चप्पल लाई का?" त्यांनी रोहिणीला विचारलं.

"नही, माय."

"कोनी किंचाळनं?"

"नही."

भिकुबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "मी तं पंधरा वरीस किंचाळस," त्या म्हणाल्या. मग हेमकांतकडे वळल्या. "ऊठ."

"काब्र?"

"ऊठ तठेन. थांबाई दमेल शे, तिले पडू दे. सकाळे लवकर जानं शे त्या दोन्हीले."

हेमकांतनं आईकडे पाहिलं, रोहिणीकडे पाहिलं, मग खाटेवरच्या आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"नुसता सरकू का पुरा उठू?" त्यानं विचारलं.

"सहा पाय शेतस तिले," भिकुबाई म्हणाल्या. "पुरा ऊठ."

तो उठला.