तिसऱ्या हाकेची गोष्ट

लहानपणीच्या पुस्तकाचं नाव आठवत नाही म्हटलं की लोक माझी कीव करतात. पण आमच्या वेळी पनवेलच्या वाचनालयात पुस्तकाला नाव असायचंच कुठे? फाटकं मुखपृष्ठ काढायचं, जाड पुठ्ठ्यावर हिरवं कापड चिकटवायचं आणि पाठीवर नुसता नंबर घालायचा, ही तिथली रीत. भुताच्या गोष्टींचं ते पुस्तक आम्ही 'हिरवं भुताचं' म्हणून मागायचो आणि ते बिनबोभाट मिळायचं. स्वतः वाचण्याइतके आम्ही मोठे नव्हतो, आईच रविवारी त्यातली एखादी गोष्ट वाचून दाखवायची.

मला ते पुन्हा हवं होतं ते एका गोष्टीसाठी. तिचा शेवट मला माहीत नव्हता आणि त्यापायी मी इतकी वर्षं चडफडत होते.

नव्या वसाहतीतल्या एका घरात बहीण-भाऊ दोघंच असतात. भर दुपारी दाराशी कोणीतरी येतं आणि ओळखीच्या आवाजात हाक मारतं. कधी वडिलांच्या, कधी शेजारच्या काकूंच्या. पण त्याला दोनच हाका मारता येतात, तिसरी जमत नाही. म्हणून मुलं तिसऱ्या हाकेशिवाय दार उघडत नाहीत. मग एक दिवस आईच्या आवाजात हाक येते. पुन्हा येते. इथे आई पुस्तक मिटायची आणि म्हणायची, पुढचं उद्या. तो उद्या काही उजाडला नाही.

आम्ही तेव्हा खांदा कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो. इमारतीतली निम्मी घरं रिकामी, समोर गवत माजलेलं. बाबा तळोज्याच्या कारखान्यात, आई कचेरीत. बाबांची सेकंड शिफ्ट असली की ते दुपारी निघायचे आणि आई दिवेलागणीला यायची. मधल्या वेळात घरात मी, माझा धाकटा भाऊ आणि दाराची कडी.

त्या गोष्टीमुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तीनदा हाक मारायला शिकला. रविवारी मासळी घेऊन येणारी मावशीसुद्धा दाराशी टोपली उतरवून सांगायची, "मी हाय गो पोरी, मी हाय, मीच हाय." लग्नानंतरही माझी सवय गेली नाही. तिसरी बेल वाजल्याशिवाय मी जागची हलत नाही. नवरा म्हणतो, सरकारी कचेरीतसुद्धा दोन खेट्यांत काम होतं.

पुस्तकासाठी मी कोणाकोणाला विचारलं नाही? इंटरनेटवरच्या वाचकांच्या एका ग्रुपवर अख्खी गोष्ट लिहून टाकली. एका गृहस्थांनी कळवलं की भुतं दुपारी येत नाहीत. ते पुण्याचे असावेत. आमच्याकडे भर दुपारची वेळ किती वाईट ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोणी म्हणालं, शेवटी आईच भूत निघते. कोणी म्हणालं, असली गोष्टच नाही. याचा मला फार राग आला.

आणि गेल्या वर्षी पनवेलच्या जुन्या बाजारामागे एका रद्दीवाल्याकडे पुस्तक सापडलं. कापड विटलेलं होतं, पण आत नावाड्याची गोष्ट होती, आरशातल्या न्हाव्याची होती, सगळ्या ओळी ओळखीच्या. तिथेच उभ्याने शेवटापर्यंत चाळलं. माझी गोष्ट नव्हती. पानांचे आकडे तपासले, एकही पान गळलेलं नव्हतं.

मी तशीच आईकडे गेले. ती बिरड्याचे वाल सोलत बसली होती. पुस्तक तिच्यापुढे ठेवून मी तक्रार केली. तिने मान वर करून पाहिलं आणि सहज म्हणाली, "ती यात कशी असेल? ती मी सांगायचे. हातात पुस्तक असलं की तुम्हाला खरं वाटायचं."

मग ती सांगत गेली. त्या दिवसांत कॉलनीत पोरं पळवणारे फिरतात अशी आवई उठली होती. नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं. आम्हाला खरं सांगितलं असतं तर आम्ही भीतीने घरात रडत बसलो असतो. भुताला मुलं भितात, पण त्याचे नियम पाळतात, एवढं तिला कळत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती गोष्ट आम्हाला दर आठवड्याला मिळत नसे. ज्या रविवारनंतर बाबांची सेकंड शिफ्ट लागायची, त्या रविवारीच मिळायची.

इतकी वर्षं मी स्वतःला फार भित्री समजत आले होते. आईसमोर बसून मी चार वाल सोलले. मग राहवलं नाही म्हणून विचारलंच, की शेवट काय होता.

"शेवट सुचलाच नाही," ती म्हणाली. "रोज जिना चढताना वाटायचं, मी तीनदा हाक मारली आणि आतून ओ आलीच नाही तर? त्याच्या पुढचं मला कधी मनातसुद्धा आणता आलं नाही."