दहात तीन

आमच्या सिग्नेला सरळ उत्तर देता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. कँटीनमध्ये कुणी विचारावं, "सूप बरंय का गं?" तर ही दोन चमचे पिऊन म्हणणार, "बहुतेक." उभा जन्म तळ्यांचं पाणी नि बर्फ मोजण्यात गेलेली बाई, दुसरं काय बोलणार! ती कॉलेजची हंगामी अध्यक्ष झाली, कारण आधीचे साहेब ऐन सत्रात शिकागोला पळाले आणि ती खुर्ची कुणालाच नको होती. मी आर्डिस, अध्यक्षांच्या कचेरीत बसते. आधीचे सगळे अध्यक्ष गोड बोलायचे, पण ग्रंथालयाचं गळकं छप्पर दुरुस्त केलं ते सिग्नेनं.

फेब्रुवारीत आमच्याकडे दोरीची चाल असते. कॉलेज काढणारी मंडळी गोठलेल्या तळ्यावरून पुस्तकांच्या घसरगाड्या ओढत आली होती. म्हणून पहिल्या वर्षाची पोरं पलीकडच्या चर्चपासून कॉलेजपर्यंत एकच लांब दोरी धरून बर्फावरून चालत येतात. जुने विद्यार्थी मिनेसोटाभरातून येतात, घंटा वाजते, म्हातारे रडतात. यात तोवर कधी खंड पडला नव्हता.

त्या वर्षी जानेवारीतच मेला पाऊस पडला. मग वर बदाबद बर्फ. सिग्ने आठवडाभर गिरमिट घेऊन तळ्यावर भोकं पाडत होती. चालीच्या सकाळी ती ओल्या बुटांनीच कचेरीत शिरली. विश्वस्त कॉफी पीत बसले होते. त्यांचा प्रमुख व्हर्लिन आसगार्ड, ट्रक विकणारा. सिग्नेला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सोमवारी ठरायचं होतं, आणि त्याचाच शब्द चालायचा.

"चाल होणार नाही," सिग्ने म्हणाली.

"का? तळ्याच्या खाडीत लोक बर्फावर खोपटी टाकून मासे धरतायत की!" व्हर्लिन म्हणाला.

"खाडीत चालेल. मध्यावर बर्फ भुसभुशीत झालाय."

"फुटेल?"

"फुटू शकेल."

"म्हणजे नक्की नाही?"

मी दारात कॉफीचा थर्मास घेऊन उभी. मनात म्हटलं, बाई गं, आज एकदा खोटं बोल! म्हण, नक्की फुटेल!

"दहात तीन," सिग्ने म्हणाली. "सात वेळा काही होणार नाही."

व्हर्लिननं टेबलावर थाप मारली. "सात वेळा! अरे, लग्न केलं तेव्हा मला एवढीही खात्री नव्हती!" सगळे खो खो हसले.

"दहात तीनदा ब्रेक न लागणारा ट्रक असता, तर नातीला बसवलं असतंस त्यात?" त्याची नात पहिल्या वर्षालाच होती, दोरीत सगळ्यांत पुढे. "पोरं एका दोरीला असतात, व्हर्लिन. एक गेलं की सगळी जातील. अध्यक्ष मी आहे, चाल होणार नाही."

"सोमवारपर्यंत आहेस, प्रोफेसरबाई," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुपारी कॉलेजच्या किनाऱ्यावर पोरं दोरी हातात घेऊन ताटकळलेली, नुसती कुरकुर. जुने विद्यार्थी म्हणत होते, असली भित्री अध्यक्ष आम्ही पाहिली नाही. इतक्यात पलीकडून हॉर्न वाजला. चर्चपाशी व्हर्लिनचा लाल ट्रक बर्फावर उतरत होता.

"मागे फिर!" सिग्ने ओरडली. एवढ्या लांबून कुठलं ऐकू जाणार? तिनं पोरांच्या हातातली दोरी ओढून कमरेला बांधली. "घट्ट धरा रे सगळे!" आणि गेली की बर्फावर! ट्रक मध्यावर आला, मंदावला, आणि एकदम जोरात निघाला तो थेट आमच्या किनाऱ्यावर येऊन थांबला. काय तो जल्लोष!

"काय प्रोफेसरबाई, ते तीन कुठे गेले?" व्हर्लिन खिडकीतून म्हणाला, पण उतरला नाही.

सिग्ने बर्फात फतकल मारून रडत होती. "बरं झालं," म्हणाली, "बरं झालं बाई." मला इतका संताप आला की त्या ट्रकवर लाथ मारावीशी वाटली.

सगळे पांगल्यावर व्हर्लिन माझ्या गाडीपाशी आला. "घरी सोडतेस?"

"ट्रक बिघडला?"

"नाही. त्यात पुन्हा बसवत नाही."

त्याचं घर पलीकडच्या किनाऱ्यावर. रस्त्यानं अख्ख्या तळ्याला वळसा. वाटभर त्यानं तळ्याकडे एकदाही पाहिलं नाही. उतरताना म्हणाला, "मध्यावर आवाज आला गं. मागून पाणी वर आलं. कुणाला सांगू नकोस." मी हो म्हटलं नाही.

सोमवारी व्हर्लिननं आधी सिग्नेच्या संशोधनाचं तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाला, पुढारी माणसाला छाती लागते. "ज्यांना नवा अध्यक्ष हवा त्यांनी हात वर करा."

इतिवृत्त लिहिता लिहिता मी पेन खाली ठेवलं. "व्हर्लिन, तुझा ट्रक अजून आमच्याच आवारात कसा रे?"

सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. लाल ट्रकवर दोन बोटं बर्फ साचला होता. व्हर्लिनचा हात अर्ध्यावर राहिला. आता सिग्ने याला फाडून खाणार, म्हणून मी खुर्चीत सरसावून बसले.

"बर्फ तडकल्याशिवाय तू ट्रक इथे सोडला नसतास. आवाज नेमका कुठे आला?" तिनं विचारलं.

"मध्यावर, ओढा तळ्याला मिळतो त्याच्या समोर," तो पुटपुटला.

"पाणी आलं?"

"मागची चाकं भिजली."

सिग्नेचा चेहरा पडला. "मग माझंच चुकलं. दहात तीन नव्हतं ते, सहा तरी असणार. मी तुम्हाला कमी सांगितलं."

व्हर्लिननं ट्रककडे पाहिलं. "दोरीत माझी नात सगळ्यांत पुढे असती," तो म्हणाला, आणि त्यानं हात खाली घेतला.