कीपर बदलायचा नाही

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या गोलकीपरना मी गेली पंधरा वर्षं शिकवतोय. मी कॉलेजचा नोकर नाही. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. सकाळी सहा ते आठ मैदान, साडेआठला मशीन, आणि संध्याकाळी पुन्हा मैदान. एके काळी मिरजेच्या एका संघाकडून मी स्वतः गोलमध्ये उभा राहायचो. एका सामन्यात डाव्या हाताची करंगळी मोडली ती नीट बसलीच नाही. तेव्हा कॉलेजचे क्रीडाशिक्षक मैदानाबाहेर मला भेटले. त्यांनी माझं बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बोट गेलं. डोकं जागेवर आहे ना? मग उद्यापासून माझ्याकडं ये."

तेव्हापासून ते माझे सर. संघ त्यांनी उभा केला, मी त्यांच्या हाताखाली होतो. सराव संपला की आम्ही दोघं पॅव्हेलियनच्या सिमेंटच्या पायरीवर बसायचो. सर खडूनं पायरीवर मैदान आखायचे, आणि कोण कुठं चुकला ते आम्ही बोलायचो. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा चषक आमच्याकडं यायला लागला, दुसऱ्या वर्षीही राहिला, पुढं लोक तो आमचाच धरून चालायला लागले. पेपरात सरांचा फोटो यायचा. माझं नाव कधी नसायचं, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पायरीवरची ती अर्धा तासाची जागा माझी होती, तेवढं मला पुरत होतं.

मग मेजर आले.

सरांना ते कडेगावजवळच्या एका लग्नात भेटले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. रेजिमेंटच्या संघाकडून बारा-तेरा वर्षं फुटबॉल खेळलेले. घरचा ऊस भाऊ बघत होता, यांना करमत नव्हतं. सरांनी त्यांना सहज बोलावलं आणि ते दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेसहाला मैदानावर हजर. मी सहाला पोहोचलो तेव्हा त्यांनी मैदानातले दगड वेचून एका कोपऱ्यात रचून ठेवले होते.

सरांनी ओळख करून दिली. मेजरांनी माझा हात हातात घेतला, करंगळी बघितली आणि म्हणाले, "हे लय मार खाल्लेलं बोट हाय. राम राम उस्ताद."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय.

महिन्याभरात पोरांना त्यांचा लळा लागला. घरून भिजवलेले हरभरे आणायचे, सराव संपला की मूठ मूठ वाटायचे. कोण उपाशी आलाय हे त्यांना तोंड बघून कळायचं. कुणाचा गुडघा दुखला की तो माझ्यावरून पुढं जाऊन त्यांच्याकडं जायचा. मी दहा वर्षांत विचारलं नव्हतं ते त्यांनी पंधरा दिवसांत विचारून घेतलं: कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाला बसनं यायला किती वेळ लागतो, कुणाला कुठल्या विषयात जड जातंय. मला हे दिसत होतं आणि प्रत्येक गोष्ट चांगली आहे हेही कळत होतं. म्हणूनच ते जास्त लागत होतं. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं.

पायरीवर आता आम्ही तिघं बसायला लागलो. मग सर खडू मेजरांच्या हातात द्यायला लागले.

एकदा मी लहान पोरासारखं वागलो. सामान ठेवायच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असायची. एका संध्याकाळी मला वर्कशॉपमध्ये थांबावं लागणार होतं. दुपारीच किल्ली पाठवता आली असती, पण मी ती खिशातच ठेवली. म्हटलं, बघू आज मेजर बॉलशिवाय काय शिकवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं हसत हसत एकमेकांना ढकलत होती. आमचा कॅप्टन मला म्हणाला, "दादा, काल तुम्ही पाहिजे होता. मेजरांनी बॉल न घेता अख्खी मॅच खेळायला लावली. बॉल कुठं आहे ते बोलून सांगायचं. सगळे एकमेकांकडं बघून खेळायला लागले. असा सराव कधी झाला नव्हता."

सर म्हणाले, "किल्ली विसरलास ते बरं झालं."

मी घरी आलो आणि जेवताना बायकोला सगळं सांगितलं. किल्लीचं सोडून. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला फुटबॉल पायजे का सर पायजेत?"

मी म्हणालो, "हा काय प्रश्न झाला?"

"मग सांगा की."

मी भाजी मागितली.

त्या वर्षी आमच्याकडं दोन कीपर होते. पहिला मिरजेचा, तिसऱ्या वर्षाला. धाडसी, बॉलवर झेप घेणारा, दोन वर्षं मीच घडवलेला. दुसरा पाटणच्या बाजूचा, कोयनेच्या खोऱ्यातला. लांब हातांचा, कमी बोलणारा. भर सामन्यात तो थोडा बावरायचा, पण पेनल्टी अडवायला त्याच्यासारखा कीपर मी पाहिला नव्हता. मारणारा धावत यायचा आणि हा शेवटपर्यंत हलायचा नाही. सरावात दहातल्या चार-पाच तो अडवायचाच. हे मला माहीत होतं, कारण मीच मोजायचो. मेजरांनाही माहीत होतं, कारण ते गोलमागं उभे राहून बघायचे.

उपांत्य सामना साताऱ्याला होता. पूर्ण वेळात बरोबरी, जादा वेळातही बरोबरी. आता टायब्रेकर होणार, म्हणजे पेनल्टींवर निकाल लागणार, हे दिसायला लागलं. जादा वेळातली चार-पाच मिनिटं राहिली होती. कीपर बदलायचा तर तो शिट्टी वाजायच्या आत बदलावा लागतो.

मेजर सरांच्या कानाशी वाकले. "सर, पाटणच्याला उतरवा. टायब्रेकरला त्योच पायजे."

मला ऐकू आलं. आणि सगळ्यात आधी काय मनात आलं ते मी इथं खरंखरं सांगतो. हे मीच सुचवणार होतो. दोन मिनिटांपूर्वी मी तेच ठरवलं होतं आणि सरांकडं वळणारच होतो.

सर माझ्याकडं वळले. "कीपर तुझे आहेत. काय म्हणतोस?"

पाटणचा पोरगा हातमोजे चढवून बाकाच्या टोकाला बसला होता. त्याची नजर माझ्यावर होती.

मी म्हणालो, "कीपर बदलायचा नाही. पहिल्याचा आत्मविश्वास जाईल."

सर म्हणाले, "ठीक आहे." मेजर मागं सरले.

आणि आम्ही जिंकलो. पहिल्या कीपरनं एकही पेनल्टी अडवली नाही. समोरच्यांनी एक बारवर मारली आणि एक बाहेर घालवली. पोरांनी मला उचलून घेतलं. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऐन वेळेला डोकं शांत ठेवलं यानं." इतकी वर्षं मी ज्या शब्दांची वाट बघत होतो ते हेच होते. ऐकताना माझे कान तापले होते.

मेजर आले, समोर ताठ उभे राहिले. "उस्ताद, तुमचं बराबर हुतं. माझी चूक झाली. तुमच्या कामात मी तोंड घालाय नगो हुतं. माफी करा."

मी म्हणालो, "असू द्या हो, होतं असं."

अंतिम सामना आम्ही सरळ जिंकलो. मिरवणूक निघाली, फोटो निघाले. पाटणचा पोरगा फोटोत आहे, कडेला. त्यानंतर तो सरावाला आला नाही. आठ दिवसांनी त्यानं मेजरांना फोन करून कळवलं, की आता फुटबॉल सोडतोय, घरी भाताची कामं आहेत. फोन मेजरांना केला, मला नाही, याचंही मला त्या अवस्थेत वाईट वाटलं.

मेजर म्हणाले, "उस्ताद, रविवारी पाटणला जाऊ. मी एकटा गेलो तर च्या पाजून वाटंला लावंल. त्यो तुमचा गडी हाय. तुमी बोललासा तर यील."

रविवारी आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून निघालो. कराडला चहा घेतला. वाटेत ते पोरांविषयी बोलत होते, मी हूं हूं करत होतो. पाटणच्या पुढं डोंगराच्या अंगाला त्याचं घर. तो खळ्यावर भात झोडत होता. आम्हाला बघून त्यानं पेंढी खाली ठेवली आणि हात पुसले. "आवं दादा, एवढ्या लांब कशाला तरास घेतलासा?"

त्याच्या आईनं चहा दिला. मेजर भाताच्या राशीपाशी जाऊन त्याच्या वडिलांशी बोलत उभे राहिले. पोरगा माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, एकच सांगा. मी कमी पडतो का? कमी पडत असलो तर तसं सांगा. मग मी इकडंच बघतो. उगं आशा नगो."

मला सांगता आलं असतं, अजून मेहनत कर, तुझीही वेळ येईल. शिकवणारी माणसं असंच सांगतात आणि पोरं ते मानतात. तो विश्वास ठेवायला तयार उभा होता. ते माझ्यानं बघवेना.

"तू कमी नाहीस," मी म्हणालो. "त्या दिवशी तुलाच उतरवायला पाहिजे होतं. मला ते माहीत होतं."

"मग?"

"मेजरांनी आधी सुचवलं. म्हणून मी नको म्हणालो."

त्याला लगेच समजलं नाही. मग समजलं. तो म्हणाला, "पण आपण जिंकलो की."

"जिंकलो म्हणून मी गप्प बसलो."

मागं मेजरांचं बोलणं थांबलं होतं. त्यांनी ऐकलं होतं. पोरानं पेंढी उचलली, दोनदा जोरात आपटली आणि म्हणाला, "भात संपू द्या. मग बघतो."

परतीच्या वाटेवर मेजर कराडला चहालाही थांबले नाहीत. मग एका उसाच्या फडाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.

"तुमी नगो म्हणालासा, त्ये मी समजू शकतो. माणसाच्या पोटात असतंय असलं. फौजेत लय बघितलंय. पर मी तुमची माफी मागितली हुती उस्ताद. सगळ्या पोरांच्या म्होरं. आन ती तुमी घेतलीसा. ती घ्याय नगो हुती."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"सरांना सांगणार का?"

"सांगतो."

"मी न्हाई सांगणार. तुमीच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मी पायरीवर बसून सरांना सगळं सांगितलं. किल्लीचंही सांगितलं. सर रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. त्यांनी खडू खिशात टाकला. म्हणाले, "मी तुला मत विचारलं होतं. तू मला मत दिलंच नाहीस. यंदाच्या उरलेल्या हंगामात सामन्याच्या दिवशी कीपर कोण हे मेजर ठरवतील. तू शिकव." आणि उठून गेले.

तो हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब हंगाम होता. सामन्याला मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचो. सर आणि मेजर डोकं जवळ घेऊन बोलायचे, आणि मला मत्सर करायचाही हक्क उरला नव्हता. तरी तो होत होता. रोज सकाळी मी जात होतो, बॉल मारत होतो, पोरांना झेपा घ्यायला लावत होतो. बायको एकदा म्हणाली, "जायाचं थांबला न्हाईसा, म्हंजी फुटबॉलच पायजे हुतं." मला ते तितकंसं खरं वाटलं नाही, पण बरं वाटलं.

पाटणचा पोरगा भात संपल्यावर आला. मेजरांनी त्याला सांगलीतल्या एका सामन्यात पहिल्यापासून उतरवलं. दोन गोल खाल्ले, त्यातला एक सरळ हातांतून सुटला. आम्ही हरलो. सामना संपल्यावर तो गोलपोस्टला टेकून बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मेजर लांबूनच बघत होते. बाकीच्या पोरांना त्यांनी आमच्याकडं येऊ दिलं नाही.

"आता तरी कमी पडलो म्हणा," तो म्हणाला.

"आज पडलास," मी म्हणालो. "दुसरा गोल तुझाच. उद्या सहाला ये, तसलेच पन्नास बॉल मारतो."

तो आला. पुढची दोन वर्षं तो खेळला, काही सामने चांगले, काही वाईट. आता पाटणला शाळेतल्या पोरांना शिकवतो.

आम्ही तिघं अजून तिथंच आहोत. गेल्या महिन्यात सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून एका सामन्याला आम्ही दोघंच होतो. कीपरवरून आमचं पटेना. मी एकाचं नाव घेत होतो, मेजर दुसऱ्याचं. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "उस्ताद, ह्ये तुमचं मत हाय का माझ्यावरचा राग हाय?"

मी खरंच विचार केला. मिनिटभर तरी लागला असेल. मग म्हणालो, "मत आहे."

"मग तुमचा कीपर खेळंल."

सामना आम्ही एका गोलनं जिंकलो. अजून पोरांचा आरडाओरडा चालू होता तेवढ्यात सरांचा फोन आला. मेजरांच्या मोबाईलवर. मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होतो आणि कान तिकडं लावून होतो, सर त्यांना काय म्हणतायत ते ऐकू येतंय का म्हणून.