खिडकीजवळचा बेड आईचाच!

खरं तर हे मी कुणाला सांगणारच नव्हते. पण मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, इथे बहारीनच्या माहूज भागातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ते आधीच सांगून टाकलंय. तेही मीठमसाला लावून! तेव्हा चहा घ्या आणि माझ्या तोंडून ऐका. फजिती झाली, मान्य. पण माझं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही!

मीना सलमान बंदरातल्या एका गोडाऊनमध्ये चाळीस माणसांच्या शिफ्ट मी लावते. मग चार रात्रींच्या क्रूझवर घरातली पाच माणसं कुठे झोपणार, हे ठरवायला मला कितीसा वेळ लागणार?

पण प्रश्न झोपण्याचा नव्हताच हो. मानाचा होता!

दर हिवाळ्यात बार्शीहून माझी आई आणि ठाण्याहून सासूबाई बहारीनला येतात. सासूबाईंना आतली खोली, पलंग, कपाट. आणि माझ्या आईला? हॉलमधली गादी! नऊ वर्षं! मी म्हणायचे, "आई, आत झोप ना." तर ती म्हणायची, "राहू दे गं, मला इथंच बरं वाटतंय." आता असं म्हणणाऱ्या आयांचा अर्थ काय असतो, हे काय मला कळत नाही? मुलीची आई ना ती! गप्प बसून सोसणार.

म्हटलं, खलास! या वेळी नाही.

दोन केबिन बुक केल्या. एक मोठ्या खिडकीची, दोन बेडची. दुसरी तिच्या समोरची, बिनखिडकीची. तिच्यात खाली दोन बेड आणि भिंतीतून वर उघडणारा एक बर्थ. कागदावर लिहिलं : खिडकीची केबिन – आई आणि मी, खिडकीजवळचा बेड आईचाच. आतली केबिन – सासूबाई, मंदार, वरती आमचा ओम. कागद फ्रिजवर लावला.

मंदार बराच वेळ वाचत उभा राहिला. "अगं, दोघी आयांना खिडकीत ठेवू. आपण तिघं आत झोपू."

"का? तुझ्या आईला खिडकी हवी म्हणून?"

"तसं नाही गं... तू आणि आई एका खोलीत... म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही," म्हणत तो पाणी प्यायला लागला.

ओमला अकरावं लागलंय, पण मध्ये बोलायची हौस दांडगी. "आई, व्हॉट्स द बिग डील? इट्स ओन्ली फोर नाइट्स!"

"बिग डीलच आहे!" असं म्हणून मी जेवणाच्या टेबलावर छोटंसं भाषणच ठोकलं. मुलीच्या आईचा मान, समानता, सगळं! सासूबाई शांतपणे भाकरी मोडत होत्या. आई म्हणाली, "अगं, मला समोरची केबिन चालेल की." आणखी एक पुरावा! मला तर भरूनच आलं.

जहाजावर पहिल्या रात्री मी अशी झोपले म्हणता! आईला हक्काची जागा मिळवून दिल्याची झोप होती ती.

सकाळी सहाला डोळे उघडले. आईचा बेड रिकामा!

बाथरूममध्ये नाही. बाल्कनी तर नव्हतीच. गाऊनवर तशीच बाहेर धावले. "मेरी माँ! मेरी माँ पानी में गिर गयी!" चार दारं उघडली. एक अरब आजोबा दाढीचा साबण घेऊन बाहेर आले. नेपाळी स्टुअर्ड धावत आला.

"मॅडम, दादीजी? वो तो सामनेवाले केबिन में हैं."

मी समोरचं दार बडवलं, तसं ओमने डोळे चोळत ते उघडलं. आत काय दृश्य! मंदारच्या बेडवर माझी आई, शेजारच्या बेडवर सासूबाई. मंदार खाली जमिनीवर, डोक्याखाली लाइफ जॅकेट!

माझं डोकंच फिरलं. "माझ्या आईला मिळालेली खिडकी सोसवली नाही का तुम्हाला? या अंधाऱ्या खोपटात आणून झोपवलंत!"

"अगं बाई, हळू!" आई उठून बसली. "मला कुणी आणलं नाही. माझी मीच आले. बारापासून जागी होते."

"का? बेड टोचत होता?"

आईने जावयाकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं.

"तू घोरतेस गं," आई म्हणाली. "घरी तुमच्या खोलीची आणि त्या आतल्या खोलीची भिंत एकच. म्हणून तर मी हॉलमध्ये पळाले! विहीणबाई रात्री कानातलं मशीन काढून ठेवतात, त्यांना काही होत नाही. मीच म्हटलं त्यांना, तुम्ही आत झोपा."

नऊ वर्षं! मी मंदारकडे वळले. "आणि तू?"

"मला वाटलं, तुला माहितेय."

मी घोरत नाही! ठणकावून सांगितलं. अरब आजोबांना मराठी येत नसेल, पण तेही हसले हो!

शेवटी तोडगा काढला सासूबाईंनी. "मी झोपते तिच्याजवळ. मशीन काढलं की माझ्या कानाशी ढोल वाजवा, मला पत्ता लागत नाही." झालं! उरलेल्या तीन रात्री खिडकीजवळच्या मानाच्या बेडवर कोण? सासूबाई! आणि कागद कुणी लिहिला होता? मी!

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो आई, झोप लागली ना? काही ऐकू आलं?"

"छे गं, काही म्हणजे काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी विजयी नजरेने टेबलावरून सगळीकडे पाहिलं.

"फक्त रात्रभर बेड थरथरत होता. मंदार, जहाजाचं इंजिन आपल्या खोलीखालीच आहे का रे?"

"नाही आई," मंदार म्हणाला, "पार दुसऱ्या टोकाला आहे."

इंजिनच होतं ते! लिहून देते.